बशीत उगवलेलं

कृष्णवेणीअक्कांवर खरं तर कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. तसं कुणी आमच्या इस्पितळात नव्हतं, म्हणून मी लिहितो. विषयही जरा अडचणीचा आहे, सांभाळून घ्यावं.

चौऱ्याण्णव साली बंगळुरात, जयनगरच्या आमच्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरांनी एक अभ्यास काढला. यीस्ट नावाची बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते. सुंता झालेल्या लहान मुलांच्या अंगावर ती कमी असते का, हे त्यांना पाहायचं होतं. मुलाच्या अंगावरून, नेमकं कुठून ते वाचकांनी ओळखावं, ओला कापूस फिरवायचा, तो काचेच्या बशीत टेकवायचा आणि काय उगवतं ते बघायचं. महिन्याने पुन्हा तेच. हे काम अक्कांकडे होतं. अक्का राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशीच्या, आणि नोकरी तात्पुरती. मुलं दोन्ही वेळा आली तर कायम करू, नाहीतर घरी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी सून होती. तिच्यासमोर दिवसभर बसण्यापेक्षा अक्कांना बुरशी परवडत होती.

पहिल्या आठवड्यात एकाही बशीत काही उगवलं नाही. इस्पितळात जायचं, तेही असली जागा दाखवायला, म्हणून झाडून सगळ्या आया मुलांना कढत पाण्याने घासून लालबुंद करून आणत. वर पावडर. आंघोळ घालू नका, असं अक्कांनी सांगितल्यावर त्यांना अपमान वाटला. भार्गवी नावाच्या एकीने तर त्यानंतर मुलाला दोनदा घासलं.

मग अक्कांना दोशाचं पीठ सुचलं. रात्री वाटलेलं पीठ सकाळी फुगलं नाही तर त्यात जीव नाही म्हणतो ना आपण, त्यांनी विचारलं. मूल उकळून आणलं तर काय फुगणार? हे सगळ्यांना लगेच पटलं. मुलं बिनआंघोळीची आली, आणि आया आपापली बशी बघायला खिडकीशी गर्दी करू लागल्या. भार्गवीच्या मुलाची बशी ठिपक्यांनी गच्च भरली. मुलगा शाळेत पहिला आल्यासारखी ती सगळ्यांना दाखवत होती.

ताहेराबींच्या मुलाची सुंता झालेली. त्याच्या बशीत तुरळक ठिपके. डॉक्टरांना हवं होतं तेच, पण ताहेराबींचा चेहरा उतरला.

"हमारे बच्चे का इत्ता कम कैकू जी? हमारे घर में खाने कू नइं मिलता क्या?"

आता येणार नाही म्हणत त्या उठल्या, आणि त्यांच्याबरोबरच्या बायकाही पिशव्या उचलू लागल्या. अक्कांनी दारात गाठलं.

"स्वल्प, थोडा ठहरो जी. दोशे का आटा जास्ती फूला तो क्या होता?"

"खट्टा होता."

"तुमारा बराबर फूला. सरी? ठीक है ना?"

ताहेराबी हसल्या आणि परत बसल्या. पण भार्गवीने हे ऐकलं. म्हणजे आपलं आंबट. तिने थोडा विचार केला आणि डॉक्टरांना म्हणाली, "मग आमच्याचीही सुंता करून टाका. एवढ्यासाठी कशाला मागे राहायचं?"

तिच्या सासूबाई बाकावर पेंगत होत्या. त्या कधी उठल्या आणि नातवाला काखोटीला मारून जिना कशा उतरल्या, ते कुणालाच नीट दिसलं नाही. बाकीच्या बायकांनीही आपापली मुलं पोटाशी घट्ट धरली.

अक्का मागे धावल्या. सासूबाई रिक्षात चढत होत्या. इथे कुणी कुणाचं काही कापत नाही, नुसता कापूस लावतो, आणि रोज साध्या पाण्याने धुतलं तरी पुरे, असं अक्कांनी रिक्षाला धरून सांगितलं.

"ते मला नको सांगू. माझ्या सुनेला आवर."

"सुना मला घरीसुद्धा आवरत नाहीत हो," अक्का म्हणाल्या.

सासूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सरकून जागा केली. दोघी उभ्या रिक्षात बसून इतका वेळ बोलल्या, की शेवटी रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचंय की नाही.

पुढच्या महिन्यात सगळी मुलं आली. भार्गवीला घरी ठेवून सासूबाईंनी नातवाला स्वतः आणलं, मांडीवर घेतलं, आणि कापूस फिरेपर्यंत अक्कांचं मनगट सोडलं नाही. अक्का कायम झाल्या.