डॉक्टरांची खुर्ची आणि शेठची दाढ

दातांच्या डॉक्टरांना सकाळच्या फिरण्यात बोलायला बंदी नव्हती, पण त्यांचं एक वाक्य पुरं होईल तर शपथ. "अरे, पण कामगारांनासुद्धा..." एवढं होईतो रिटायर झालेले मॅनेजर "झालं सुरू!" म्हणत, आणि बाकीचे सगळे दात काढत. त्यातले बरेचसे दात डॉक्टरांनीच बसवून दिलेले होते. त्या सगळ्या घोळक्यात डाव्या विचारांचा माणूस हा एकटाच, त्यामुळे मत कुणाचंही असो, चेष्टा मात्र ठरल्यासारखी यांच्याच वाट्याला.

डॉक्टर मूग गिळून घरी येत, अंघोळ करून दवाखाना उघडत, आणि मग सकाळपासून घशात अडकलेली वाक्यं एकेक करून बाहेर काढत. पेशंट खुर्चीत आडवा झाला, गालात कापसाच्या गुंडाळ्या गेल्या, लाळ ओढायची नळी ओठाला अडकवली, की डॉक्टरांचा गळा मोकळा होई. घरभाडी, कारखान्यातल्या पाळ्या, सरकारी इस्पितळं, कशावरही. पेशंट "आँ, आँ" करी. डॉक्टर तो होकार धरून चालत. मुद्दाम करत नाही, असं ते बायकोला सांगत. आपला नाही बुवा यावर विश्वास. दहा मिनिटांच्या सफाईला अर्धा तास उगाच लागत नाही. लोक तोंड दाबून बुक्क्यांचा मार देतात, डॉक्टर तोंड उघडून देत.

आणि एक दिवस या खुर्चीत शेठ आले.

शेठचं खिळे, कड्या, बिजागऱ्यांचं दुकान. शाळेत दोघं एका बाकावर बसत, आणि तेव्हापासून एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर आठवत नाही. तरी डॉक्टरांची आई आजारी होती तेव्हा इस्पितळाच्या बाकड्यावर रात्र रात्र बसलेला माणूस हाच. सकाळच्या घोळक्यातून डॉक्टर कधीच बाहेर पडले असते. राहिले ते शेठमुळे.

दाढेचं रूट कॅनॉल होतं. तीन वेळा यावं लागणार होतं. नेमका तेव्हाच गावातल्या सफाई कामगारांचा संप सुरू झाला होता आणि सगळं गाव त्यांच्या नावानं बोटं मोडत होतं. डॉक्टरांना राहवलं नाही. शेठच्या गालात कापूस घालून त्यांनी जी सुरुवात केली, ती कामगारांच्या हातमोज्यांपासून थेट त्यांच्या पेन्शनपर्यंत. शेठनी दोनदा हात वर केला.

"हात खाली घे, सुई लागेल," डॉक्टर म्हणाले आणि पेन्शनकडे वळले.

शेवटी दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून त्यांनी मित्राला सोडलं. शेठ चपला पायात सरकवून तडक गेले. दुसऱ्या खेपेला आलेच नाहीत. सकाळी फिरायलाही दिसेनात.

डॉक्टरांनी फोन केला तो वहिनींनी उचलला. "भावजी, ते म्हणतात दाढ पडली तरी बेहत्तर, पण त्या खुर्चीत पुन्हा पाय ठेवणार नाही. स्टेशनाजवळच्या डॉक्टरकडे जायचं म्हणताहेत. तिथे म्हणे नुसती बासरी लावतात."

बासरी! डॉक्टरांना ते फार लागलं. त्या रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "मी काय इतकं वाईट बोलतो?"

"बोलता चांगलं," बायको म्हणाली, "पण समोरच्याचा जबडा धरून."

अर्धवट उघडलेली दाढ, वर चिमूटभर सिमेंट. ते किती दिवस टिकणार? डॉक्टरांना दाढेची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर दाढेपेक्षा जास्त दाढवाल्याची. या वयात नवा मित्र कुठून आणणार? आणि आणला तरी तो शाळेपासूनचा कसा असणार?

शेवटी अडला हरी म्हणतात तसं झालं. एका दुपारी शेठ गालाला पंचा बांधून दारात उभे. एक गाल टम्म. बासरीवाले डॉक्टर बाहेरगावी गेले होते.

"एक अट," शेठ कसंबसं म्हणाले. "ब्र काढायचा नाही. एक शब्द नाही."

"कबूल," डॉक्टर म्हणाले. मदतनीस ताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

आत पू झाला होता. दाढ पुन्हा उघडायला हवी होती, आणि अशा सुजेत भूल पुरती चढत नाही. डॉक्टरांनी सुई दिली, थांबले, मशीन सुरू केलं. खोलीत दुसरा आवाज नाही. फक्त घर्र. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. तोंडाशी आलेला शब्द ते परत ढकलत होते. शेठचे डोळे आधी छताला, मग दिव्याला, मग मशीनला लागले. त्यांनी डॉक्टरांचं मनगट घट्ट पकडलं.

डॉक्टरांनी तोंडातलं सगळं काढलं. "दुखलं?"

"बोल की काहीतरी!" शेठ ओरडले. "जीव घाबरतोय माझा."

"तूच तर म्हणालास..."

"म्हणालो! गेल्या वेळी तुझा एवढा राग आला होता, की दाढ दुखली हे घरी गेल्यावर कळलं. बोल. त्या संपावरच बोल."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. कापूस गेला, नळी लागली, मशीन सुरू झालं. "हे बघ, हातानं घाण उपसणाऱ्या माणसाला..." तोच शेठचा हात वर गेला. 'हात खाली' हे शब्द डॉक्टरांच्या ओठांवर आले होते. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मशीन बंद केलं, नळी काढली, कापूस काढला, आणि ऐकायला उभे राहिले.

शेठला हे अपेक्षितच नव्हतं. क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "अरे, त्यांना द्या ना काय द्यायचं ते, माझ्या बापाचं काय जातंय? पण गल्लीचा सगळा उकिरडा माझ्या दुकानासमोर झालाय. गिऱ्हाईक लांबूनच वळतं. रोज सकाळी मी एकटा फावडं घेऊन तो बाजूला ओढतो. फिरायला यायला वेळ कुठे आहे? आणि आलोच, तर अंगाला वास येतो."

डॉक्टर त्या घोळक्यात इतके दिवस शेठची वाट बघत होते आणि मनात स्वतःच्या भाषणाला दोष देत होते. मान खाली घालून ते म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"सांगणार कधी? तोंडात कापूस होता!"

ताईंना हसू आवरेना. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी मी येतो," आणि लगेच थबकले. त्यांच्यापुढे धर्मसंकट उभं राहिलं. "पण शेठ, फावड्याला मी हात नाही लावणार. संपावर गेलेल्यांचं काम आपण केलं, तर तो संप फोडणं झालं."

"मग येऊन काय करणार? आरती?"

डॉक्टरांना तत्त्वही सोडवेना, मित्रही.

"दुकानात बसेन," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर. दिवसभर. त्या वासात."

"आणि इथले पेशंट?"

"ते खूश होतील," ताई म्हणाल्या.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दाढेचं असेल. मग खुर्चीवर डोकं टेकत म्हणाले, "ये. पण नाकाला रुमाल लावायचा नाही."

"नाही लावणार," डॉक्टर म्हणाले आणि कापूस उचलला.