आतोबांचं विमानतळ

जगातली बाकी सगळी विमानतळं सरकारची असतील, सोलापूरचं मात्र माझ्या आतोबांचं आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहतात जळकोटला, धाराशिव जिल्ह्यात. त्या विमानतळात त्यांची वीतभर जमीन गेलेली नाही की घरातलं कुणी तिथं नोकरीला नाही. तरी हायवेवरच्या हॉटेलात चहाला थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही ते सगळा इतिहास ऐकवतात. मधे प्रवासी विमानं सुरू होऊन बंद कशी पडली, मग धावपट्टी नुसती पुढाऱ्यांपुरती कशी उरली आणि आता मुंबईचं विमान कसं सुटतं, हे सगळं घरचं लग्न जमल्याच्या थाटात. उमरग्याच्या दवाखान्यात सलाईन चालू असताना त्यांनी डॉक्टरलाच विचारलं होतं, "सायेब, तुमी आजून रेल्वेनंच जाता व्हय मुंबईला?" डॉक्टर बिचारे ओशाळले.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा मुलगा. तो मुंबईत नोकरीला. रजा जाण्यायेण्यातच संपते म्हणून दिवाळीखेरीज त्याचं येणं व्हायचं नाही. विमान सुरू झालं की पोरगं सारखं येणार, असं आतोबा धरून चालले होते. त्यामुळे माणसं कमी बसून विमान पुन्हा बंद पडेल, याची त्यांना भारी धास्ती. लोहाऱ्याच्या तहसीलीत अनोळखी माणूस भेटला तरी मुंबईत त्याचं कुणी आहे का, हे ते आधी विचारून घेत.

एकदा ते मला घेऊन विमानतळावर गेले. पिशवीत आत्याचे धपाटे आणि शेंगाची चटणी. आमच्याकडे डबा एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा आणि ज्याचा त्यानं पलीकडच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा, ही रीतच आहे. दारावरच्या पोलिसाला आतोबा म्हणाले, "हेवढं पायलट सायबाजवळ द्या. आमचं पोरगं तिकडं हुबं ऱ्हाईल. वरचे दोन धपाटे सायबालाच हायत." पोलिसानं हात जोडून नाही म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतोबांची छाती फुगली. "बगितलंस का? आपल्या विमानतळावर वशिला चालत न्हाय!" धपाटे मग आम्ही बाहेर झाडाखाली बसून खाल्ले.

अखेर मुलगा विमानानं आला. आतोबांनी त्याला भाड्याच्या जीपमधून, गळ्यात हार घालून, अख्ख्या गावातून फिरवत घरी आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं तो परत निघाला. पूर्वी एवढ्या लांबून आलोय म्हणून आठवडाभर तरी राहायचा. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "विमान नव्हतं तवाच बरं हुतं. लेकरू चार दिस घरात दिसायचं."

"विमानाला नावं ठिवू नगंस!" आतोबा कडाडले.

त्याला पोहोचवायला मीही गेलो होतो. मुलगा आत गेला. विमान ठिपक्याएवढं होऊन दिसेनासं झालं तरी आतोबा टोपी हातात धरून वर बघत उभे होते. परतीच्या एसटीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाला सोडाया आल्ता?"

"पोराला," आतोबा ताठ बसून म्हणाले. "मुंबईत आसतंय. पर आता लई जवळ हाय, तासाभरावर."

मग त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. जळकोट येईपर्यंत त्यांनी एकाही प्रवाशाला विमानाचं काही सांगितलं नाही.