शिलाई मशीनवरचं यार्ड

चिखलीत रेल्वे नाही. गाडी धरायची तर मलकापूर गाठायचं, नाहीतर जालना. तरीही मी घरात खेळण्यातल्या मालगाडीचं यार्ड बांधायला घेतलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "ठेवणार कुठं?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, ती घरी ब्लाउज शिवायची. बऱ्याच बोलण्यानंतर तिने शिलाई मशीनच्या वरची जागा दिली, तीही मशीन बंद असेल तेवढा वेळ. म्हणजे एक फळी. चार फूट लांब, फूटभर रुंद, उचलून भिंतीला टेकवता येईल अशी.

एवढ्या रुंदीत गोल रूळ बसत नाही. इंजिन वळायच्या आत फळी संपते. म्हणून मी शंटिंगचं, म्हणजे डबे मागेपुढे करून जुळवायचं यार्ड आखलं. रूळ बदलायचे दोन सांधे, तीन फाटे, पाच डबे. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने इंजिनानेच डबे लावायचे, हाताने उचलायचे नाहीत. खरी अडचण एकाच तुकड्याची असते. डबे ओढून सांध्याच्या अलीकडे यायला इंजिनाला रूळ लागतो. तो लांब ठेवला तर फाटे आखूड होतात, आखूड ठेवला तर इंजिन खाली पडतं. पहिल्या आराखड्यात ते पडलं, बायकोच्या बटणांच्या डब्यात.

त्याच हिवाळ्यात अमडापूरहून सासरे आले. बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, ते वर्ष. त्यांनी उभ्या पिकात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर घालून ते मातीत मिसळलं होतं. शेतात करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेतलं. डॉक्टरने धुळीत जायची मनाई केली. काळा चष्मा लावून ते मशीनसमोर खाटेवर बसून राहायचे. बायकोने चहा विचारला की नुसती मान हलवायचे.

एकदा मी नवा आराखडा जुळवत होतो.

"हे गाडी जाते कुठी?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुठीच नाई, मामाजी."

"मंग काऊन चालवून राह्यले?"

"डबे लावाले."

त्यांनी एक डबा बोटाने चाचपला. "डब्यात काय आहे?"

याचा मी विचार केला नव्हता. "माल," म्हणालो.

"मालाले नाव रायते, जवाईबापू."

संध्याकाळपर्यंत आमच्या यार्डात कापसातून सरकी काढायचं जिनिंग आलं. साडीच्या खोक्याची इमारत झाली. एक फाटा कापसाच्या गाठींना, एक सरकीला. मग त्यांना वजनकाटा हवा झाला, मग एक लिंबाचं झाड. प्रत्येक गोष्ट रुळाची जागा खात होती. मी सांगितलं, आता जागा नाही.

"तिकडे आहे ना," ते म्हणाले.

तिकडे स्वयंपाकघराची अर्धी भिंत होती. तिच्यावर तिखटमिठाचे डबे.

"बाबा, हे घर आहे," बायको म्हणाली.

"मले मालूम आहे. म्हणून त इतभरच मांगतो."

तिने मला आत बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आल्यापासून पहिल्यांदा एवढं बोलले. न्या तुमचा रूळ." आणि तिखटमिठाचे डबे सरकवले. आम्ही फळी विटांवर चढवून भिंतीच्या उंचीला आणली आणि रूळ भिंतीवर वाढवला. इंजिन पडायचं थांबलं.

चालवायला सासरे बसले. थोड्याच वेळात त्यांनी तिन्ही फाटे भरून टाकले आणि इंजिन डब्यांच्या मागे कोंडलं. मी सोडवायला हात पुढे केला.

"राहू द्या. सीझनमध्ये असंच रायते."

त्या कोंडलेल्या इंजिनाकडे ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वरून हिरवंगार होतं हो. बोंड फोडलं त आत अळी. टॅक्टरवाल्याले मीच बोलावलं, अन् तो आला तवा मीच घरात जाऊन बसलो. बाहेर निंघनंच झालं नाई."

बायको दारात उभी होती. ती येऊन त्यांच्याशेजारी खाटेवर बसली. मग त्यांनी स्वतःच एक डबा हाताने उचलून बाजूला ठेवला, जे नियमात बसत नव्हतं, आणि इंजिन मोकळं केलं.

डॉक्टरने परवानगी दिली त्या दिवशी चष्मा काढून त्यांनी यार्ड नीट पाहिलं.

"लईच लहान आहे हो हे," म्हणाले, आणि पिशवी घेऊन एसटीला निघाले.

पुढच्या पेरणीला त्यांनी तूर आणि सोयाबीन घेतलं. बांधाच्या कडेने दोन तासं, दोनच ओळी, कपाशीची लावली. का, ते आम्ही विचारलं नाही.