दीड अब्जांचा मथळा

ऑफिसात त्यांना सगळे मथळेबुवा म्हणायचे. बातमी कुणीही लिहो, तिच्या डोक्यावर बसणारी ओळ बुवांचीच. वीस वर्षं हेच काम. एकटा जीव सदाशिव. लग्न नाही, व्यसन म्हणाल तर पेपरमिंटचं. "मथळ्याखाली नाव छापत नाहीत, म्हणून अंगाशी काही येत नाही," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. हसा म्हणावं!

दर तीन महिन्यांनी बड्या गुंतवणूकदारांना आपल्याकडे काय काय आहे याचा तक्ता सरकारला द्यावा लागतो. तो लोकांपुढे येईपर्यंत दीड महिना उलटलेला असतो. म्हणजे निव्वळ शिळ्या कढीला ऊत! पण बुवांच्या टेबलाचा रिवाज ठरलेला: बातमी आजची वाटली पाहिजे आणि आकडा सगळ्यात मोठा घ्यायचा. त्या मंगळवारी तक्ता आला 'म्हाताऱ्या'चा. साऱ्या जगात हा बडा गुंतवणूकदार याच नावानं ओळखला जायचा. बाजार पडला तर भरपाई मिळावी म्हणून त्यानं एक सौदा केला होता, आपण घराचा विमा काढतो ना, तसा. हप्ता किरकोळ, पण तक्त्यात मांडतात ती अख्ख्या घराची किंमत. बुवांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी पेपरमिंट चघळत टाइप केलं: 'बाजार कोसळणार! म्हाताऱ्याने लावले दीड अब्ज'. आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढेसाठी डॉक्टरकडे गेले. तोंडात आरसा घालता घालता डॉक्टर म्हणाले, "बाजार कोसळणार. म्हाताऱ्याने लावले..." इथे एक बारीकसा श्वास घेतला, "दीड अब्ज." बुवांना गंमत वाटली. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली, तिनंही तेच सांगितलं. तेच शब्द, तोच मधला श्वास. कोपऱ्यावरच्या चावीवाल्यानंही तेच म्हटलं, तेव्हा मात्र बुवांची गंमत जिरली. कारण तिघांचीही नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती होती त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर, आणि पापणी काही हलत नव्हती.

तेवढ्यात ताईचा फोन.

ताई त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला तिनंच वाढवलं, मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला लावली. भाऊजी कारखान्यात तीस वर्षं खपले आणि जाताना त्या कारखान्याचे शेअर तिच्यासाठी ठेवून गेले. दरवर्षीच्या लाभांशावर तिचं घर आणि औषधं चालायची.

"बाजार कोसळणार," ताई फोनवर म्हणाली. "म्हाताऱ्याने लावले..." श्वास. "दीड अब्ज. मी सगळं विकतेय रे."

"थांब! कशाला हात लावू नकोस, मी आलोच!" बुवा ओरडले आणि दाढ धरून धावत सुटले.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर फोन, फोनवर विक्रीचं पान उघडं. भाव पडलाच होता. सगळेच विकायला धावले होते.

"ताई, अगं ते खरं नाही. तो नुसता विमा आहे, तोही जुना. आता असेल-नसेल, देव जाणे."

"छापून आलंय ते खोटं, आणि तू खरा?"

"अगं बाई, छापणारा मीच ना! ती ओळ माझी आहे!"

"खाली तुझं नाव कुठाय?" ताईनं विचारलं.

मग घाईघाईनं बुवांनी स्वतःच्या फोनवरून ऑफिसची यंत्रणा उघडली. जुना मथळा पुसला, नवा लिहिला: 'म्हाताऱ्याने काढला विमा, तोही कधीचा'. वीस वर्षांतला पहिला धड खरा मथळा! फोन ताईपुढे धरला. "हे घे. वाच."

ताईनं चष्मा सारखा केला. बोट एकेका शब्दाखालून पुढे सरकलं, विमा, तोही, कधीचा. आणि तोंडातून आलं, "बाजार कोसळणार. म्हाताऱ्याने लावले... दीड अब्ज."

"ताई! नीट बघ गं!"

तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

"दे इकडे, मी वाचतो," बुवांनी फोन ओढून घेतला. नवी ओळ ठळक अक्षरांत डोळ्यांसमोर होती. त्यांनी घसा खाकरला, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि आपला आवाज ऐकला, "बाजार कोसळणार. म्हाताऱ्याने लावले..." छातीत आपोआप एक बारीक श्वास भरला. "दीड अब्ज."

ताईनं शांतपणे विक्रीचं बटण दाबलं. मग भावाचा हात हातात घेऊन थोपटला.

"बरं झालं तू आलास," ती म्हणाली. "एकटीला धीर होत नव्हता रे."