केरसुणीनं काय झाडलं

चष्म्याच्या दुकानात, मागच्या पडद्याआड, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो एकवीस वर्षं करत होता. गिऱ्हाइकांना त्याचा चेहराही माहीत नव्हता. मालक त्याला काचवाले म्हणत आणि घरी आई, तो पंचेचाळिशीला टेकला तरी, धाकट्याच म्हणे. दुकानात कोणाला पत्ता नव्हता, पण इंटरनेटवर अकरा हजार माणसं त्याची केरसुणी वापरत होती.

केरसुणी म्हणजे त्यानं लिहिलेली एक स्क्रिप्ट. ब्राउझरला एकदा जोडली की सोशल मीडियाचं पान उघडताच ती कामाला लागे. जाहिराती, सुचवलेले व्हिडिओ, अनोळखी लोकांची भांडणं, सगळं लोटून टाके. मागे उरत फक्त आपली माणसं.

ती त्यानं आईसाठी लिहिली, आणि लिहायची वेळ आली ताईमुळे. बारा वर्षांपूर्वी ताईनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं. शब्दाला शब्द वाढला आणि वडिलांनी तिला पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. बॅग हातात घेऊन ती दारात थांबली आणि धाकट्याकडे बघत राहिली. तो मूग गिळून बसला. पुढे वडील गेले, तेव्हा त्यानं चार ओळी लिहून तिला कळवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहायला त्याचा हात धजला नाही.

मग एक दिवस त्याला तिचं पान सापडलं. खिडकीतली कुंडी, कडेवरची मुलगी, असे महिन्यातून दोनतीन फोटो ती टाके. आईची नजर आधीच अधू झालेली. गाद्यांच्या जाहिराती आणि उड्या मारणारी मांजरं यांच्या गर्दीत तिला लेक दिसेना. "एवढ्या बाजारात माझी पोर कुठे शोधू?" ती म्हणाली. तेव्हा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांचा कोड वाचून, चुकत-माकत, तो हे काम शिकला.

एकदा शिकून भागत नसे. साइटवाले दर काही आठवड्यांनी पानाची रचना बदलत. आधी 'प्रायोजित' हा शब्द दिसला की केरसुणी ती जाहिरात उचलून टाकी. त्यांनी त्या शब्दाची अक्षरं कोडमध्ये अशी विखरून ठेवली की तो तिला वाचता येईना. तेव्हा त्यानं दुसरी खूण पकडली. जाहिरातीच्या तळाशी बटण असतं. बटण दिसलं की झाडायचं.

संध्याकाळी कामावरून आला की आई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसे. ताईचा नवा फोटो आला असला की दोघं बघत आणि तो खाली आवडल्याचा एक लाल बदाम उमटवी. शब्द एकही नाही. भावाबहिणीचं बोलणं एवढंच, पण तिला कळत असणार, या भरवशावर तो होता.

आणि फोटो यायचे थांबले. एक महिना गेला, मग तीन. आई तरीही रोज खुर्ची ओढून बसायची. समोर पांढरंशुभ्र पान. आठव्या महिन्यात ती हळूच म्हणाली, "तुझ्या त्या केरसुणीनं तिलाच तर झाडलं नाही ना रे?"

असं होणारच नाही, असं त्यानं जरा तोडूनच सांगितलं. पण त्याच आठवड्यात केरसुणी वापरणाऱ्या एका संगीत शिक्षिकेचा निरोप आला. तिच्या भावानं बेकरी काढली होती आणि तेव्हापासून त्याच्या पोस्टच दिसत नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं केरसुणी बंद केली आणि ताईचं पान उघडलं.

एकोणीस पोस्ट होत्या. ताईनं घरातच वह्या-पुस्तकं बांधून द्यायचं काम सुरू केलं होतं. कापडी पुठ्ठ्यांच्या वह्या, दोरा ओवणारे तिचे हात, आणि प्रत्येक पोस्टच्या तळाशी बटण: 'संपर्क करा'.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका फोटोत वही नव्हती. त्यात एक खाली ओढलेलं शटर होतं. त्याच्याच दुकानाचं. खाली लिहिलं होतं, 'इथपर्यंत आले. आज सुट्टी असते हे माहीत नव्हतं. घरी जायचा धीर झाला नाही.'

आईनं त्याला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "लाव फोन."

त्यानं बटण दाबलं. पलीकडून ताईचा आवाज आला, पुस्तक बांधायचं आहे का वही, असं विचारणारा. "ताई," तो म्हणाला.

"तुझे बदाम बंद झाले," ती म्हणाली. "वाटलं, आईचं काही... म्हणून आले होते."

"आई इथेच बसलीये."

"मग बदाम का बंद केलेस?"

त्यानं बटणाचं सांगितलं. सांगताना त्यालाच ते खोटं वाटत होतं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, बारा वर्षांपूर्वी आपण गप्प बसलो तेही बोलून गेला. ताईनं ते ऐकून घेतलं. आईला फोन दे म्हणाली.

त्या आठवड्यात त्यानं केरसुणी दुरुस्त केली. आता ती जे बाजूला काढते ते कोपऱ्यात मोजून दाखवते आणि हवं तर परत आणता येतं. सोबत त्यानं लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे कोणाची माणसं हरवली असतील तर माफ करा.'

ताई दर आठवड्याला फोन करते. मुलीचं सांगते, पुठ्ठ्यांच्या भावावर कुरकुरते. घरी यायचं म्हटलं की बघते म्हणते. दोनदा दिवस ठरला आणि दोनदा काहीतरी निघालं. धाकटा खोदून विचारत नाही. आईनं मात्र आतल्या खोलीतली शिवणाची मशीन हलवून घेतली, भिंतीशी दोन माणसं झोपतील एवढी जागा केली, आणि नातीची उंची किती झाली असेल ते ती दाराच्या चौकटीवर हात ठेवून धाकट्याला विचारत असते.