गॅस मातीवर, काम पाण्यावर

वायरलेसनानांना एखादी वस्तू पसंत करायला दिवस पुरत नसत, ऋतू लागत. चपला घ्यायला गेले तर दुकानभर चालून बघायचे आणि "भिजल्यावर कशा लागतील?" असं म्हणून न घेता परत यायचे. आमच्या सुपारीच्या वाडीतल्या घराच्या पडवीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मासेमारीच्या बोटींवरचे वायरलेस सेट, जीपीएस, मासे दाखवणारी यंत्रं ते दुरुस्त करत, म्हणून कोळीवाड्याने त्यांना हे नाव दिलेलं. त्यांच्या चिकित्सेचा मला वैताग यायचा. ते शांतपणे म्हणायचे, "घेताना भांडून घ्यावं ताई. मग वापरताना भांडावं लागत न्हाय."

आमच्या बंदरात एक रीत होती. नारळी पौर्णिमेची पूजा होऊन बोट पाण्यात गेली, की तिच्यावरची कुठलीही वस्तू हंगाम संपेपर्यंत किनाऱ्यावर उतरवायची नाही. सेट बिघडला तर नानांनीच होडक्यात बसून खाडीत नांगरलेल्या बोटीवर जायचं. तिथे विजेचा प्लग कुठून येणार? बॅटरीवरची सोल्डरिंग गन त्यांनी वापरून पाहिली. पडवीत छान चालायची, पण खाडीतल्या वाऱ्यात कथील वितळायच्या आधीच तिचं टोक निवून जायचं. तेव्हा त्यांनी लायटरच्या गॅसवर चालणारी, बिनवायरची गन घ्यायचं ठरवलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

माणगावच्या दुकानात मी बरोबर जायची, खोक्यावरचं इंग्रजी वाचायला. जिची ज्योत बाहेर दिसायची ती गन नाना हातही न लावता बाजूला सारायचे. "बोटीवर डिझेल हाय, पेट्रोलचा कॅन हाय. उघडा जाळ आपल्याला नको." जाळ आतच राहून फक्त टोक तापेल, अशीच त्यांना हवी होती. बाजूच्या भोकातून गरम हवा कुठे फेकली जाते, ते हात धरून बघायचे, कारण बोटीवरच्या वायरी दाटीने बांधलेल्या असतात आणि एक जोडताना शेजारची वितळली तर काम वाढायचं. आत गॅस किती उरला ते बाहेरून दिसतं का, गरम टोकावर टोपी बसते का, टोक झिजलं तर नवं मिळतं का. दुकानदार एकदा म्हणाला, "नाना, गन घेताय का दुकान?" नाना हसले आणि पुन्हा रिकाम्या हाताने निघाले. एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले.

शेवटी एकदाची गन आली. तरी ते लगेच बोटीवर गेले नाहीत. कितीतरी दिवस जेटीवर वाऱ्याकडे तोंड करून टाकाऊ वायरी जोडत बसले. जाणारे-येणारे चेष्टा करायचे. मग त्यांनी स्वतःसाठी नियम केला, "गॅस मातीवर, काम पाण्यावर." टाकी किनाऱ्यावरच भरायची, गॅसचा डबा बोटीवर न्यायचाच नाही. काम अर्धं राहून गॅस संपला तर होडक्यातून परत यायचे, भरून पुन्हा जायचे. बोटीवर गेल्यावरही आधी पेट्रोलचा कॅन होडक्यात उतरवून होडकं लांब न्यायला लावायचे, इंजिनाची फळी उघडून वास घ्यायचे, आणि मगच गन पेटवायचे. बोट चालवणारे तांडेल कंटाळायचे, पण थांबायचे. समुद्रात सेट बंद पडला तर काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

एका थंडीत हिराजी तांडेलाच्या बोटीवरचं काम आटपून नाना पडवीत जेवायला बसले होते. तेवढ्यात खाडीत धूर दिसला. हिराजीच्या बोटीची केबिन जळाली. माणसं वाचली. संध्याकाळी जेटीवर हिराजी सगळ्यांसमोर म्हणाला, "नानांच्या गॅसनंच पेटली."

देवळात सभा भरली. मी उभी राहून नानांचा नियम सांगितला, तर उत्तर आलं, "ताई, तुम्ही वाडीवाल्या. बोटीतलं तुम्हाला काय ठाव?" नाना मान खाली घालून बसले होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. मला संताप आला, लोकांचाही आणि त्यांचाही. नानांनी यापुढे बोटीवर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

मग सेट कोण दुरुस्त करणार? दुसऱ्याच आठवड्यात बिघडलेले सेट बोटींवरून उतरले आणि टेम्पोत बसून पनवेलला गेले. जिच्यापायी नाना इतकी वर्षं भर उन्हात होडकं वल्हवत होते, ती रीत कुणाला आठवलीसुद्धा नाही. मला वाटलं, निदान एखादी म्हातारी तरी हरकत घेईल. कुणीही घेतली नाही.

नंतर पडवीत मिक्सर आणि टीव्हीचे रिमोट यायला लागले. नाना ते करायचे, पण भरतीच्या वेळी हातातलं काम ठेवून खाडीकडे बघत बसायचे. "बोला ना एकदा सगळ्यांशी," मी म्हणायची. "ऱ्हाऊ द्या ताई," एवढंच उत्तर. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखून ते गेले. कोळीवाड्यातून चार माणसं आली, तीही रस्त्यावरच उभी राहिली.

महिन्याभराने हिराजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. हातातली पिशवी त्याने पायाशी ठेवली. मग म्हणाला, "नानांचं काय नव्हतं ताई त्या दिवशी. ते उतरून गेल्यावर आमच्या जावयानं च्यासाठी स्टो पेटवला, आनि तसाच सोडून जाळी बघायला गेला. पोरीचा नवा संसार. कोळीवाड्यात त्याला कुनी उभं केलं नसतं."

"नानांना माहीत होतं?"

"व्हय. सभेच्या आधीच जाऊन पाया पडलो त्यांच्या. ते म्हनले, पोरीला सांभाळ."

मी विचारलं, "आता तरी कोळीवाड्यात सांगाल?"

"आता कशाला ताई? ते तर गेले." असं म्हणून त्याने पिशवीतली सुरमई काढून ओट्यावर ठेवली.

मी ती उचलून त्याच्या पिशवीत परत घातली आणि दार लावून घेतलं. तो अजून दिसला की नमस्कार करतो. मी करत नाही. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.