मावशी गोड बोलल्या की

मावशींच्या तोंडी लागू नये, हे त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. दूधवाला पिशवी दारात ठेवून बेल न वाजवताच सटकायचा. पडदे शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं माप चुकलं असेल तर आधी बाहेर उभं राहून धीर गोळा करायची आणि मग आत यायची. "खिडकी तुमची, माप तुमचं, आणि पडदा आखूड झाला की दोष माझा होय?" इथून जी सुरुवात व्हायची ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यावरच्या चष्म्यापर्यंत जायची. पण त्यांच्या मशीनखालून निघालेल्या पडद्याची चुणी न् चुणी अशी काही पडायची, की ओरडा खाऊन गेलेलं माणूस पुढच्या खोलीचे पडदेही त्यांच्याकडेच टाकायचं.

नवरा गेल्यावर मावशींनी वरची खोली भाड्याने दिली. तिथे दूरच्या देशातून आलेली एक मुलगी राहायला आली. ती एका कारखान्यात दातांच्या कवळ्या घडवायची. घरी यायची ती बाह्यांना पांढरी भुकटी लागलेली, केसांत भुकटी, आणि भूक म्हणाल तर चिमणीएवढी. मावशींनी तिचं नाव कवळीवाली ठेवलं आणि पहिल्याच दिवसापासून तिला धारेवर धरलं. न्हाणीघरातला दिवा चालू ठेवते, जिन्यावर ओले बूट काढते, ताटात अर्धं टाकते. मुलगी आमची भाषा जपून जपून बोलायची, शब्द ताटातून सांडतील की काय अशी. पण ओरडा सुरू झाला की खुदकन हसायची. मावशींना याचा भारी राग यायचा.

मग तिच्या देशात लढाई पेटली. तिला आई नव्हती, भावंडं नव्हती. एक वडील होते आणि ते तिथल्या छोट्याशा गावात पाणीपुरवठ्याच्या टाकीवर कामाला होते. शेजारीपाजारी गाव सोडून निघाले, तरी हे हलेनात. "मी गेलो तर मागे राहिलेल्यांना पाणी कोण सोडणार?" एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगी फोनवर रडली, भांडली, शेवटी गप्प बसली.

सुरुवातीला ती फोनवर लढाईचा नकाशा सारखा बघायची. हल्ली असे नकाशे असतात. कुठे काय पडलं, कोण किती पुढे सरकलं, सगळं बसल्या जागी दिसतं. बघून बघून तिचे हात कापायला लागले. कारखान्यात एका म्हाताऱ्याची वरची अख्खी कवळी वाकडी झाली. मालक भला माणूस, काही बोलला नाही, पण हिचं मन हिला खात राहिलं. त्या दिवशी घरी येऊन तिने फोनमधून नकाशाच काढून टाकला.

"बाबांचा फोन येईल तेव्हा कळेल, मावशी. मधलं मला काही बघायचं नाही. तुम्हीही सांगू नका."

"मला काय करायचाय तो मेला नकाशा! मला पडदे शिवायचेत," मावशी म्हणाल्या.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराला हाक मारली. भाऊजी विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. जगात कुठेही बंदूक वाजली की यांच्या फोनवर ती दिसलीच पाहिजे. रोज चहाला येऊन कुठली आघाडी मोडली, कुणाची रसद तुटली, हे ते अशा थाटात सांगायचे की जणू दोन्हीकडचे सेनापती यांना विचारूनच पाऊल टाकतात. "आधी तुमच्या मोरीतला गळका नळ बघा, मग जगाचं," असं मावशी दर वेळी ऐकवायच्या. त्यामुळे वहिनी आपणहून नकाशा दाखवा म्हणताहेत म्हटल्यावर भाऊजी हरखलेच.

"हे बघा वहिनी, हा जो जांभळा पट्टा आहे ना, तो म्हणजे..."

"जग राहू द्या भाऊजी. मला एक गाव दाखवा."

मावशींनी ते गाव शिकून घेतलं. गिऱ्हाइकाच्या घरात शिरल्यावर खिडक्या कुठे, ऊन कुठून येतं, हे त्या एका नजरेत टिपायच्या, तसंच. ही नदी, हा पूल, ही शाळा, आणि गावाच्या मधोमध पाण्याची टाकी. लाल ठिणगीसारखी खूण दिसली म्हणजे तिथे काहीतरी पडलं, एवढं त्यांना कळलं आणि एवढंच हवं होतं. रोज सकाळी मुलगी खाली यायच्या आधी त्या मशीनला आपला फोन टेकवून ठेवायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या आणि डोळ्यांत तेल घालून ते गाव बघायच्या. तिथल्या कुणाला त्या ओळखत नव्हत्या. तरी रस्त्यांवरून बोट फिरवताना जीव मुठीत असायचा.

खूण नसली की जीव भांड्यात पडायचा, आणि मग त्या सुटकेच्या भरात मुलगी जिन्यावर दिसताक्षणी तोंडाचा पट्टा सुरू. खूण असली की मात्र शब्द फुटायचा नाही. त्या दिवशी मुलीला अंडं तळून मिळायचं. तिचा कोट इस्त्री होऊन खुर्चीवर यायचा. "सावकाश खा गं, घाई नाही," असलं काहीतरी मावशींच्या तोंडून निघायचं. आपण हे किती सफाईने लपवतो आहोत, याचं त्यांना मनातून कौतुकच होतं.

एका सकाळी नदीवरच्या पुलाशी खूण दिसली. मावशींनी अंडं तळलं, वर पाव भाजून दिला आणि पावाला लोणीही लावलं. मुलीने घास उचललाच नाही.

"मावशी, काय झालं?"

"कुठे काय झालं? खा."

"न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू होता. मी मुद्दाम ठेवला होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मावशी पाठमोऱ्या झाल्या. त्या उगाच ओटा पुसायला लागल्या. मुलगी त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहिली. "कोट इस्त्री केलात, त्या दिवशी शाळेजवळ काहीतरी पडलं होतं. बाबांनी नंतर सांगितलं. मला छत्री आणून दिलीत तेव्हाही असंच. आता तुम्ही गोड बोललात की माझ्या पोटात गोळाच येतो."

मावशी ओटा पुसता पुसता थांबल्या. आपल्या मायेची या पोरीला भीती वाटते, हे ऐकून त्यांना फार लागलं. इतकी वर्षं लोक त्यांच्या ओरडण्याला भ्यायचे, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

"पुलाशी पडलंय," त्या म्हणाल्या. "टाकीपासून लांब आहे. मी नीट बघितलंय."

मुलीने मान हलवली. मग म्हणाली, "मला वचन द्या. काहीही दिसलं तरी रोज ओरडायचं. मला कळता कामा नये."

"अगं, ते काय नाटक आहे?"

"नाटकच करा. मला कामावर हात स्थिर लागतात."

मावशींनी वचन दिलं आणि पाळलंही. खूण असो नसो, त्या ओरडायच्या. खूण असलेल्या दिवशीही बुटांवरून खेकसायच्या, आणि ती दाराबाहेर पडली की मशीनवर येऊन बसायच्या, पण पायट्यावरचा पाय बराच वेळ हलायचा नाही. मुलगी हसत कामाला जायची. तिला ते ओरडणं खरं वाटत होतं, का तीही नाटकच करत होती, देव जाणे.

आणि मग तो दिवस आला. ठिणगी नेमकी टाकीवर होती. मावशींनी नकाशा मोठा करून बघितला, चष्मा पुसून बघितला, फोन बंद करून परत चालू केला. खूण तिथेच. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलगी खाली आली, ओल्या बुटांनी, कोटाच्या गुंड्या वरखाली लावून. मावशींनी तोंड उघडलं. "किती वेळा सांगायचं तुला..." एवढंच म्हणाल्या. पुढचा शब्द काही केल्या निघेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या मुलीसमोर घळाघळा रडल्या.

मुलगी जिन्यातच खाली बसली. "टाकी?" तिने विचारलं. मावशींनी मान डोलावली.

फोन लावला, लागेना. परत लावला, लागेना. मुलगी कामावर गेली नाही. मावशींनी तिला मशीनपाशी आणून बसवलं आणि तिच्या मांडीवर एक जाडजूड पडदा टाकला. "रिंगा ओव. हात चालू राहू दे." दोघी समोरासमोर बसल्या, एक शिवत होती, एक रिंगा ओवत होती, आणि मध्ये दोघींचे फोन पडलेले. खूण आपण बघितलीच नसती तर ती पडलीही नसती, असं काहीतरी वेड्यासारखं मावशींच्या मनात येत होतं.

चहाच्या वेळी भाऊजी आले. दोघींचे चेहरे बघून ते चपापले. त्यांनी मावशींचा फोन हातात घेतला, खुणेवर बोट ठेवलं, खालचा मजकूर वाचला.

"वहिनी, नक्की जागा कळली नाही ना, की हे नकाशावाले खूण गावाच्या मधोमध टेकवून देतात. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगत होतो."

"कधी सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, जग राहू द्या."

"म्हणजे टाकीवर पडलं नाही?" मुलीने विचारलं. भाऊजींनी पहिल्यांदाच, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, हात जोडून कबूल केलं की आपल्याला माहीत नाही. गावात कुठेतरी पडलंय, एवढंच लिहिलंय. मग तेही एक पडदा ओढून रिंगा ओवायला बसले. उलट्या ओवल्या, पण मावशी काही बोलल्या नाहीत.

दिवेलागण झाली तेव्हा मुलीचा फोन वाजला. मुलीच्या हातून तो खाली पडला, मग भाऊजींनी उचलून दिला. पलीकडून खरखर आली आणि तिच्यातून एका पुरुषाचा दमलेला आवाज आला. मुलगी एकदा "बाबा" म्हणाली. आवाज तिकडून सांगत राहिला आणि ती रडत रडत इकडे सांगत राहिली. गावाबाहेरच्या गोदामावर पडलं होतं. फोनचा मनोरा कोसळला, म्हणून इतका वेळ फोन नाही, आत्ता कुठे लागला. बाबा टाकीवरच होते. पाणी चालू आहे.

मावशी उठल्या. मांडीवरचा पडदा तसाच जमिनीवर घरंगळला. त्यांनी मुलीच्या हातातून फोन घेतला आणि सकाळपासून घशात अडकलेलं सगळं त्या अनोळखी माणसाच्या कानात एका दमात ओतलं. "अहो, काही माणुसकी आहे का नाही? पोरगी सकाळपासून अन्नाला शिवली नाही! मनोरा पडला तर दुसऱ्या गावी चालत जाऊन फोन करायचा! पाणी सोडता म्हणे गावाला! आणि इथे आमच्या तोंडचं पाणी पळालं त्याचं काय? परत असं केलंत तर याद राखा, सांगून ठेवते!"

तिकडच्या माणसाला यातला एक शब्द कळण्यासारखा नव्हता. तो काहीतरी बोलला, हळू आवाजात. मावशींनी फोन मुलीकडे दिला. तिने ऐकलं, उत्तर दिलं, परत ऐकलं, आणि फोन छातीशी धरून बसली.

"काय म्हणतायत? राग आला का त्यांना?" मावशींनी घाबरून विचारलं.

"कोण ओरडतंय, असं विचारत होते. मी सांगितलं, माझ्या मावशी आहेत."

"मग?"

मुलीने डोळे पुसले. "म्हणाले, मग बरं आहे. इतके दिवस मला वाटत होतं, तू तिथे एकटी आहेस."